हवेतला स्ट्रोक

गिटार शिकताना पहिले दिवस डाव्या हाताचे. बोटांची टोकं हुळहुळतात, सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा ठरावीक जुडगा) धरताना एखादं बोट शेजारच्या तारेला टेकतं आणि ती तार मुकी होते. घरचे बोटं बघून हळहळतात. उजव्या हाताची चौकशी कुणी करत नाही, कारण त्याला काही दुखतच नसतं. खरं तर जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्या भांडवलावर ढीगभर गाणी वाजतात. त्यातलं कुठलं चालू आहे हे पुष्कळदा उजवा हातच सांगतो.

त्याचा पहिला धडा वहीत बाणांनी लिहिलेला असतो. डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. तोंडाने म्हणायला सोपा, अगदी बडबडगीतासारखा. स्ट्रोक मोजले तर सहा भरतात, आणि घोळ इथेच सुरू होतो. सहा स्ट्रोक म्हणून हात सहा वेळा हलवायचा, मध्ये थांबायचं, पुन्हा निघायचं असं केलं की ताल लंगडतो. हात थांबवायचाच नसतो. ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ असं मोजत तो आठ वेळा जातो-येतो; आकड्यावर खाली, ‘आणि’वर वर. त्यातल्या दोन खेपांना तारांना स्पर्श न करता नुसता हवेतून जातो. एकदा वर येताना, ‘एक’नंतरच्या ‘आणि’ला. आणि एकदा खाली जाताना, नेमका ‘तीन’वर.

हा ‘तीन’ भारी जातो. तिथे डाउन वाजवावा असं अंगातली प्रत्येक पेशी ओरडत असते, आणि तिथेच हात मोकळा सोडायचा. डाव्या हाताने सगळ्या तारा हलकेच दाबून, सूर बंद करून, नुसतं छक छक वाजवत बसणं हा यावरचा उत्तम उपाय. फक्त तो घरच्यांच्या सहनशीलतेवर चालतो. आई आतून विचारते, ‘‘अगं, याचं गाणं कधी होणार?’’

मी भजनाच्या घरात वाढले, त्यामुळे आठ म्हटलं की मला आठ मात्रांचा केरवा तालच ऐकू येतो. धा गे ना ति, न क धि न. एका संध्याकाळी बाणांच्या खाली हे बोल लिहून पाहिले. केरव्याची ‘खाली’, म्हणजे तालातली रिकामी जागा, पाचव्या मात्रेला. टाळी धरणारा तिथे टाळी देत नाही, हात नुसता बाजूला नेतो; तबल्यावर डग्गा गप्प असतो. आणि गिटारचा तो हुकवायचा ‘तीन’ आठांत मोजला तर पाचवाच! म्हणजे मी लहानपणापासून जी जागा हाताने रिकामी दाखवत आले, तीच इथे रिकामी ठेवायची होती. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण त्या दिवसापासून ‘तीन’वर माझा हात अडखळत नाही.

बाकीची कला मनगटाची. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, घट्ट धरली तर स्ट्रमिंग खडबडीत होतं, सैल धरली तर ती निसटून गिटारच्या पोटात जाते. मग गिटार उलटी धरून हलवणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग समजावा. वर येताना सहाही तारा छेडायच्या नसतात, खालच्या दोन-तीन बारीक तारा पुरतात. आणि एक गंमत मला फार आवडते. कॉर्ड बदलताना शेवटचा ‘अप’ पुष्कळदा मोकळ्या तारांवर वाजतो, कारण डावा हात पुढच्या कॉर्डकडे आधीच निघालेला असतो. हे चालतं! उजव्याने लय सोडली नाही तर कान डाव्याला माफ करतो. उलटं मात्र होत नाही.

काउंट बेसी यांच्या अमेरिकन जॅझ ऑर्केस्ट्रात गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ साली आले आणि १९८७ मध्ये वारले तोवर त्या नावाशीच जोडलेले राहिले. ॲम्प्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाहीत. बहुतेक वेळ एका बारला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, चार स्ट्रोक, एवढंच. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या त्या गर्दीत त्यांची गिटार वेगळी काढून ऐकायला कान द्यावा लागतो. आमच्या भजनातल्या टाळकऱ्यांचंही असंच. बुवांचं नाव गावभर, टाळ कुणी धरला होता ते कुणालाच आठवत नाही. मला ही मागच्या रांगेतली नोकरी आवडू लागली आहे.

सध्या तीनाच्या ठेक्यावर आले आहे. डाउन, डाउन-अप, डाउन-अप. सहा खेपा, म्हणजे सहा मात्रांचा दादरा तालच, असं म्हणत मोठ्या उत्साहाने पुन्हा बोल लिहून काढले. दादऱ्याची खाली चौथ्या मात्रेला. गिटारची मोकळी खेप दुसरीच, आणि चौथ्या जागेवर चांगला खणखणीत अप! माझा सिद्धांत एका आवर्तनात निकालात निघाला. आता इथे केरव्याचा वशिला चालणार नाही, छक छकच करावं लागणार. आईला अजून सांगितलेलं नाही.