तुम्ही विचारलेत म्हणून: गर्भनिरोधक गोळ्यांनी माझी पाळी बिघडली का?

'इतकी वर्षे गोळ्या घेतल्यास, म्हणूनच पाळी बिघडली ना?' हा प्रश्न मला नेरुळच्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला विचारला गेला आहे, सासरी गौरीजेवणाच्या पंगतीत विचारला गेला आहे, आणि गेल्या महिन्यात लग्न ठरलेल्या माझ्या मावसबहिणीने तो आवाज खाली आणून, फोनवर, स्वतःसाठी विचारला. 'तसे काही नसते गं' एवढे म्हणून मी आजवर विषय टाळत आले, पण तिला तसे सांगून चालणार नव्हते.

गोळ्यांनी पाळी बदलते, हे मी आधीच मान्य करते. माझ्या पहिल्याच पाकिटात दहाव्या दिवसापासून डाग दिसू लागले आणि दुसरे पाकीट संपेपर्यंत मधूनमधून दिसत राहिले. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत असे अनेकींना होते आणि बहुधा आपोआप थांबते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे मी ते पाकीट दोनदा कचऱ्यात टाकून पुन्हा उचलले. पुढे रक्तस्राव पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आला, पोटात येणाऱ्या कळा जवळजवळ गेल्या, आणि ऐरोलीतल्या रात्रपाळीच्या गोंधळात एखादी गोळी चुकली की पुन्हा डाग दिसत. पाकिटातल्या 28 गोळ्यांपैकी 21 गोळ्यांमध्येच संप्रेरके (हार्मोन्स) होती. त्यांच्यामुळे बीजकोशातून बीज सुटत नाही आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, आणि उरलेल्या सात दिवसांत संप्रेरके थांबली की तेच पातळ अस्तर गळून पडते. त्याला आपण पाळी म्हणतो खरे, पण ती शरीराने आपल्या चक्राने आणलेली नसते. मी मात्र सहा वर्षे, दर अठ्ठावीस दिवसांनी येणाऱ्या त्या रक्तस्रावाकडे पाहून, आपले सगळे ठीक आहे असे समजत होते.

मूल हवे म्हणून गोळ्या थांबवल्या आणि पाळी आलीच नाही. पहिला महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. घरी केलेली प्रत्येक चाचणी नकारार्थी आली. चौथ्या महिन्यात वाशीच्या डॉक्टरांकडे गेले ती भांडायच्या तयारीनेच, आणि खुर्चीत बसता बसता 'गोळ्यांनी माझे वाटोळे केले' असे बोलूनही गेले. त्यांनी शांतपणे विचारले, 'गोळ्यांच्या आधी किती दिवसांनी येत होती?' मी म्हणाले, 'अगदी वेळेवर.' ते मी मनापासून म्हणाले होते. 'कुठे नोंद असेल तर बघा,' एवढेच त्या म्हणाल्या.

नोंद माहेरी, नौपाड्यात होती. आईने जुनी कॅलेंडरे दुधाच्या हिशेबासाठी म्हणून कपाटाच्या खालच्या खणात सुतळीने बांधून ठेवलेली होती. आम्ही दोघी फरशीवर बसलो. ती पाने उलटत होती आणि मी बोटाने दिवस मोजत होते. प्रत्येक चौकटीत तिच्या बारीक अक्षरात 'दीड लिटर', 'दूध नाही', कुठे 'सिलिंडर आला', आणि एखाद्या चौकटीच्या कोपऱ्यात, कोणाच्या नजरेत येऊ नये इतका लहान, लाल ठिपका. तो माझा. दोन ठिपक्यांमध्ये एकदा 41 दिवस निघाले, पुढे 58. पदवीच्या शेवटच्या वर्षी 6 जुलैनंतरचा ठिपका थेट 10 ऑक्टोबरला होता, आणि मधल्या सप्टेंबरच्या पानावर, तळाशी, आईने लिहिले होते: 'गणपतीनंतर डॉक्टर.' आम्ही गेलो नव्हतो. 'तूच म्हणालीस ना, अभ्यासाचा ताण आहे, होईल नीट,' आई म्हणाली, आणि ठिपक्यावर बोट ठेवून तशीच बसून राहिली. मला ते बोलल्याचे आजही आठवत नाही.

सोनोग्राफी आणि रक्ततपासण्यांनंतर पीसीओएसचे, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होणाऱ्या विकाराचे, निदान झाले. अनियमितपणा आधीपासून माझा होता. गोळ्यांनी तो सहा वर्षे झाकला आणि त्या थांबल्यावर तो जिथे होता तिथे पुन्हा दिसला. बहुतेक जणींची पाळी गोळ्या थांबवल्यावर तीनेक महिन्यांत परत येते, आणि जिची आधीच अनियमित होती तिची तशीच येऊ शकते.

तरीही माझा राग पूर्ण गेलेला नाही. पहिले पाकीट लिहून देताना रक्तदाब मोजला गेला, अर्धशिशीबद्दल विचारले गेले, पण मागच्या पाळ्यांबद्दल विचारल्याचे मला स्मरत नाही. मग असेही वाटते, की त्यांनी विचारले असेल आणि मी तेव्हाही 'अगदी वेळेवर' असेच सांगितले असेल. झाकले गेले नसते तर चोविसाव्या वर्षी मी उपचार घेतले असते, असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. पण चोविसाव्या वर्षी मला मूल नको होते, वेदना थांबायला हव्या होत्या, आणि त्या थांबल्या होत्या.

आणखी एक विनंती आहे. 'गोळ्या' म्हणताना सगळ्या एकाच ओळीत बसवू नका. गौरीगणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी त्या मात्रेत गर्भनिरोधक नव्हे. ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. संबंधांनंतर तातडीने घेतात त्या गोळीने पुढची पाळी थोडी आधी किंवा उशिरा येऊ शकते, आणि आठवड्याहून अधिक उशीर झाला तर चाचणी करायला हवी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या 'सहेली' या गर्भनिरोधक गोळीत तर संप्रेरकेच नाहीत. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घेतात, आणि तिनेही पाळी लांबू शकते. माझ्या अनुभवावरून या सगळ्यांचा निकाल लावला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

मावसबहिणीने शेवटी विचारले, 'ताई, मग घेऊ की नको?' ते डॉक्टरांनी तिला तपासून ठरवायचे, असे मी सांगितले आणि सध्या तिची पाळी कशी येते ते विचारले. 'अगदी वेळेवर,' ती म्हणाली. मी तारखा विचारल्या, तेव्हा तिला फक्त मागच्या दोन महिन्यांच्या सांगता आल्या.