पानावर चारच शब्द

मुलांची पुस्तकं मुलं विकत घेत नाहीत, सगळा घोळ तिथून सुरू होतो. घेणारा पस्तिशीतला, बघणारी साडेतीन वर्षांची, आणि मधे विक्रेता. पाकीट कुणाच्या खिशात आहे हे त्याला बरोबर ठाऊक. साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर ग्रंथमहोत्सव भरतो. तिथं बालपुस्तकांच्या स्टॉलपाशी रेंगाळून लोकांचं बोलणं ऐकायचा मला जुना नाद आहे. दोन प्रश्न हमखास कानावर येतात. एक, "यातनं काय शिकायला मिळेल?" आणि दुसरा, पुस्तक उघडून, किंमत बघून, "एवढे पैसे आणि पानावर चारच शब्द?"

दुसरा प्रश्न मला त्यातल्या त्यात आवडतो, कारण त्यात ढोंग नाही. आपण कंदी पेढे वजनावर घेतो, तशीच पुस्तकंही घ्यायला निघतो. अक्षर जास्त, तर माल जास्त. त्यात चित्रांच्या पुस्तकाला पानं तरी किती? पुष्कळदा 32, नाहीतर 24 किंवा 16. हे आकडे लेखकाच्या लहरीवर ठरत नाहीत. छपाईचा मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याला घड्या घातल्या की आठ किंवा सोळा पानं होतात; छापखान्यात त्याला फॉर्म म्हणतात. दोन फॉर्मांत हत्ती, त्याची आई, जंगल, हरवणं आणि सापडणं सगळं बसवायचं. त्यातली दोन-चार पानं शीर्षक आणि प्रकाशकाच्या पत्त्यातच जातात. अशा जागेत लिहिणारा माणूस एकेक शब्द तोलून बघतो. जे चित्र सांगतंय ते शब्दातून काढून टाकतो. तेवढं काढल्यावर जे चार उरतात त्यांची किंमत आपण देत असतो.

शिवाय पान उलटण्यातही गंमत असते, ती स्टॉलवर उभ्याउभ्या लक्षात येत नाही. चांगल्या पुस्तकात प्रश्न उजव्या पानावर असतो आणि उत्तर पलीकडे. "आणि पेटीत होता..." असं म्हणून आपण थांबतो, तोवर छोटा हात पानाच्या कोपऱ्याशी पोचलेला असतो. मी आता कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी उजव्या पानांच्या शेवटच्या ओळी चाळते. प्रत्येक पानावर वाक्य गुपचूप संपून पूर्णविराम देऊन बसलं असेल, तर ते पुस्तक परत ढिगावर.

"काय शिकायला मिळेल" वाल्यांसाठी बाजार सज्ज आहेच. गुळगुळीत कागद, दहा पुस्तकांचा संच, प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य. कोल्हा, सिंह, ससा सगळे एकाच छापाचे. ससा घाबरला तरी हसतो आणि सिंह चिडला तरी हसतो. मुलाला काय, त्याला तात्पर्य वाचता येत नाही हे त्याचं नशीब. आपण मात्र ते मोठ्यानं वाचून दाखवतो आणि वर विचारतो, "मग काय कळलं?" माझ्या भाचीच्या लेकीनं एकदा या प्रश्नाला फार सरळ उत्तर दिलं होतं: "गोष्ट संपली."

हीच लेक माझी या विषयातली मास्तरीण. शनिवार पेठेत आमच्या घरी आली की माझ्या मांडीवर बसून पुस्तक वाचते. वाचते म्हणजे, मी अक्षरं वाचते आणि ती चित्र. आणि आम्हा दोघींत निरक्षर कोण, ते एका आठवड्यात ठरलं. एका पुस्तकात आई घरभर मुलाला शोधते. मी आपली वाचत चालले होते, "आईनं कपाटात पाहिलं. आईनं माजघरात पाहिलं." ही मात्र पहिल्या पानापासून खुदुखुदु हसत होती. पलंगाखालून एक पाऊल बाहेर आलेलं होतं, आणि दर पानावर मांजर त्या पावलाच्या थोडं जवळ सरकत होतं. मजकुरात ना पाऊल, ना मांजर. आईला माहीत नाही, मावशीआजीला दिसत नाही, आणि हिला मात्र सगळं ठाऊक! जगात बाकी सगळीकडे मोठ्यांना जास्त कळत असताना, इतकं सुख 32 पानांत आणखी कुणी देऊ शकेल असं मला वाटत नाही.

तेव्हापासून पुस्तक निवडायची माझी एक खूण ठरली आहे. अक्षरांवर हात ठेवायचा आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जायचं. काहीतरी घडतंय असं वाटलं, मधेच मागचं पान पुन्हा उलटावंसं वाटलं, तर घ्यायचं. "मनू झोपली" असं लिहिलंय आणि चित्रात मनू झोपलीय, एवढंच असेल तर दोघांपैकी एकाला उगाच मानधन दिलं म्हणायचं. मनू झोपलीय आणि तिची बाहुली टक्क जागी आहे, असं चित्र असेल तर त्या चित्रकाराला मी शोधून काढून त्याचं दुसरं पुस्तकही घेईन.

मराठीत अशी माणसं आहेत. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या चित्रांतल्या घरात चपला वेड्यावाकड्या पडलेल्या असतात, दोरीवर कपडे असतात, आजीचा चष्मा नाकावरून घसरलेला असतो. मुलं त्या घरात लगेच शिरतात. ज्योत्स्ना प्रकाशनानं अशी पुस्तकं बरीच काढली आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पातळशी पुस्तकं खिशाला परवडतात, त्यामुळे ती फाटली तरी आपला जीव वरखाली होत नाही. आणि ज्याला काहीच खर्च करायचा नाही त्याच्यासाठी प्रथम बुक्सनं 2015 पासून स्टोरीवीव्हर या आपल्या संकेतस्थळावर गोष्टी फुकट ठेवल्या आहेत, मराठीसुद्धा. फक्त त्या मोबाइलवर दाखवू नका. दुसऱ्या पानाला बोट सरकतं आणि तिसऱ्याला कार्टून मागितलं जातं. छापून घ्या, दोरा घाला, घरची म्हणून मिरवा.

अगदी तान्ह्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्यांना पुस्तक चावायचं असतं. जाड पुठ्ठा, गोल कोपरे, ठळक काळंपांढरं चित्र, आणि ते डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, बस. त्या वयात बाळाला त्याहून लांबचं धड दिसतही नाही.

खरी परीक्षा आवाजाची. हे स्टॉलवर करायला माणसं लाजतात; मी नाही लाजत. एक पान मोठ्यानं वाचून बघते. "तो उद्गारला", "ती विस्मयचकित झाली" अशी वाक्यं आली की माझी जीभ अडखळते, आणि आमच्या घरात तर कुणी कधी उद्गारलेलंच नाही. घाईनं केलेल्या अनुवादांत हे फार. गोष्ट परदेशातली असायला माझी मुळीच ना नाही. एरिक कार्लच्या 1969 सालच्या पुस्तकातला भुकेला सुरवंट पानांना खरीखुरी भोकं पाडत जातो, आणि त्या भोकातून बोट घालायला साताऱ्याच्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो शनिवारी केक, आइसक्रीम, लोणचं असं एकापाठोपाठ एक खातो आणि रात्री त्याचं पोट दुखतं. "लोणचं आइसक्रीमवर खाल्लं ना, म्हणून," असं निदानही आमच्याकडे झालेलं आहे. गोष्ट लांबची चालते, बोलणं मात्र जवळचं हवं. कारण तेच पुस्तक रोज वाचायचं आपल्याला आहे, आणि एखादं पान गाळलं तर पकडले जातो.

पुन्हा पुन्हा तेच मागणं हा मुलांचा हट्ट नव्हे, त्यांची चव आहे. आपल्या जुन्या गोष्टी बांधणाऱ्या बायकांना हे बरोबर कळलेलं होतं. चिमणीच्या दारात भिजलेला कावळा, आणि "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे", "थांब, माझ्या बाळाला टीट लावू दे" हे दरवेळी त्याच चालीत. चित्र एकही नाही आणि तरी ओला कावळा दिसतो. मूल आधीच पुढचं वाक्य म्हणतं आणि आपल्याला ते येतं याचा त्याला केवढा आनंद!

यावरून भाचीचा आणि माझा वाद झाला. तिनं आणलेल्या नव्या पुस्तकात चिमणी लगेच दार उघडते, कावळ्याला टॉवेल देते, आणि दोघं मित्र होतात. मी म्हटलं, "अगं, मग यात गोष्ट कुठाय?"

"मावशी, तुमच्या गोष्टीत तो चुलीवर भाजतो. लहान मुलांना असलं काय सांगायचं?"

"तुला मीच सांगितलेली. झालं का तुला काही?"

यावर ती काही बोलली नाही, पण तिच्या नजरेवरून उत्तर निश्चित नव्हतं. माझं म्हणणं असं, की भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ भेटलाच पाहिजे. वाघ काढून टाकला तर म्हातारी नुसती लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन येते, आणि त्याची गोष्ट कशाला, तो तर नेहमीचा दौरा. मांडीवर बसून भिण्यात धोका नसतो. उलट वाघाचं पान आलं की ही माझा अंगठा घट्ट धरते आणि "लवकर उलट" म्हणते, उलटलं की म्हणते, "परत वाघ दाखव."

निवड मुलांवरच सोडली तर काय होतं हे बघायचं असेल तर भिलारला जावं. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं स्ट्रॉबेरीचं हे गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून ही कल्पना आली. तिकडे पुस्तकांची दुकानं आहेत, इकडे गावकऱ्यांच्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत आणि ती नुसती बसून वाचायची. कथा एका घरी, कविता दुसऱ्या घरी, बालसाहित्यालाही आपली जागा. विकत घ्यायचं नसल्यामुळे तिथं आईबापांचा हिशेब बंद पडतो. आमचीनं मी पुढं केलेली तीन देखणी पुस्तकं बाजूला सारली आणि कडा झिजलेलं, मधोमध चिकटपट्टी लावलेलं एक ओढून काढलं. पुस्तक खरंच छान निघालं. त्यानंतर साताऱ्यात वाचनालयात गेले की मीही तेच करते. नवंकोरं दिसणारं पुस्तक म्हणजे कुणी नेलंच नाही ते. ज्याचा कणा खिळखिळा झालाय त्याची शिफारस गावातल्या पोरांनी आधीच करून ठेवलेली असते.

सध्या मात्र माझं शहाणपण थकलंय. आमच्या गल्लीत रस्ता खणायला जेसीबी आला, आणि तेव्हापासून हिला जेसीबीची गोष्ट हवी आहे. माहितीची पुस्तकं मिळतात, चाकं मोजायची, रंग ओळखायचे. पण ज्याला भूक लागते, राग येतो आणि चिखलात रुतल्यावर रडू येतं, असा जेसीबी मला अजून कुठल्या स्टॉलवर भेटलेला नाही. म्हणून मी कावळ्यालाच त्यावर बसवलंय. शेणाचं घर वाहून गेल्यावर त्यानं हा धंदा सुरू केला. चिमणीच्या दारासमोर तो रोज खणतो, आणि आत काम चालू असतं त्यामुळे ती म्हणते, "थांब, माझ्या बाळाला झोपू दे." काल रात्री तिसऱ्यांदा सांगताना मी एक खड्डा विसरले. तो मला परत जाऊन खणावा लागला.