उत्तरेची पट्टी

१४ मे, रत्नागिरी

दुपारी साडेचारला घरामागच्या पट्टीत गेले तर ऊन थेट तोंडावर. उत्तरेच्या भिंतीला ऊन! दोन वर्षं मी या चार फुटांना ‘सावलीची जागा’ म्हणतेय आणि सावलीतली म्हणून मिळतील ती झाडं आणून लावतेय. गेल्या वर्षी रोपवाटिकेतून आणलेले नेचे मेमध्ये करपून पापडासारखे झाले, तेव्हा मी पाण्याला दोष दिला होता.

खरं तर शाळेत शिकलेलंच आहे. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तरेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारीही आपल्या उत्तरेलाच राहतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर येणारच. जूनमध्ये ढग येतात म्हणून ते जाणवत नाही, एवढंच. डिसेंबरात मात्र बाराच्या उन्हातही घराची सावली पट्टी ओलांडून कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत जाते. म्हणजे मेमध्ये भाजणारी, पावसात पागोळ्यांचा मार खाणारी आणि थंडीत काळोखी अशी ही जागा. या तिन्ही गोष्टी सोसणारं झाड कुठून आणायचं?

शेजारच्या काकू गडग्यावरून म्हणाल्या, “अगो, हळद लाव की. मेमधे ती असते कुठे वर?”

मी बघतच राहिले. हळद, आंबेहळद, सुरण, सगळी भर उन्हाळ्यात जमिनीखाली झोपलेली. पाऊस लागला की वर येतात, आंब्याखालच्या अर्ध्या उन्हातही पानं रुंद करतात, आणि पट्टीत काळोख दाटेपर्यंत त्यांची पानं पिवळी पडायला लागतात. भुईचाफा तर एप्रिल-मेमध्ये पान नसताना नुसतं फूल जमिनीतून वर काढतो. नेच्यांवर घातलेले पैसे आठवले की अजून राग येतो.

काकूंनी हळदीचं पायलीभर बेणं दिलंय. पागोळ्या पडतात त्या रेघेवर जांभ्याचे तुकडे टाकायचे आणि हळद तिथून वीतभर बाहेर, उंच वाफ्यावर. नाहीतर कंद कुजतात. नागपंचमीच्या पातोळ्यांना पानं घरचीच होतील. न्हाणीचं पाणी जातं त्या कोपऱ्यात अळू आहे, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी सोनटक्का, त्याला ओल हवीच. नागवेल लावायचा मोह होतोय, पण या उन्हात ती टिकणार नाही. माडाखाली जागा झाली की बघू.

उरला तो मोगरा. या पट्टीत दोन वर्षांत काठ्या वाढल्या, फुलं मोजून पाच. चूक त्याची नाही. पाऊस लागला की त्याला दक्षिणेच्या अंगणात हलवायचं. तोवर रोज संध्याकाळी एक तांब्या पाणी.