कोल्हापूर ते तनोट: वाळूत गाडी घालण्याआधी

डिसेंबरात आपल्याकडं उसाचा हंगाम ऐन भरात असतो. मागं दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसते ती अगदी जवळ आल्यावरच, म्हणून फटफटल्यावर किणीचा टोलनाका ओलांडला. जैसलमेरपर्यंत सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. पहिला मुक्काम वापी, दुसरा डीसा, तिसऱ्या दिवशी थराद, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर.

बाडमेरनंतर रस्ता सरळसोट आणि मोकळा, त्यामुळं वेग नकळत वाढतो. इथं रात्री गाडी चालवूच नये. अंधारात रस्त्यावर उंट आडवा येतो, आणि उंटाचे पाय लांब. धडक बसली तर त्याचं धूड बॉनेटवर न थांबता थेट काचेवर येतं.

जैसलमेरहून रामगढमार्गे तनोट सुमारे १२० किलोमीटर. टाकी जैसलमेरलाच फुल करायची आणि नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून घ्यायचा, कारण पुढं रेंजचा भरवसा नाही. ओळखपत्र जवळ हवंच, हा सीमेचा भाग आहे. १९७१ च्या लढाईचं लोंगेवाला इथून जवळच, आणि तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. १९६५ मध्ये न फुटलेले तोफगोळे तिथं ठेवलेत, ते निवांत बघावेत.

या पट्ट्यात वारा सुटला की वाळू डांबरावर येते. चाकं अडकतात ती बहुतेक वेळा फोटोसाठी गाडी कडेला घेतल्यावर. आपल्याकडच्या चिखलात जोर लावला की गाडी कधी कधी निघते. वाळूत रेस केली की चाक जागेवर फिरून स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. म्हणून चाक गरगरलं की पाय लगेच काढायचा. चाकांपुढची-मागची आणि पोटाखालची वाळू हातानं उकरायची. डांबरावर ३३ पीएसआय असलेली हवा १८ पर्यंत उतरवायची. टायर पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो. मग स्टेअरिंग सरळ ठेवून, आलेल्याच चाकोरीतनं सावकाश रिव्हर्स. हवा १५ च्या खाली नेली आणि जोरात वळवलं, तर टायर रिममधून सुटतो. डांबरावर आल्यावर आधी हवा भरायची, कमी हवेनं वेगात पळवलं तर टायर तापून फुटतो. म्हणून बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज, या दोन वस्तूंवर खर्च करताना हात आखडू नये.

जॅकखाली घालायला फूटभर चौरस जाड प्लायचा तुकडा न्या. नाहीतर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच वाळूत जातो. काचेवर धूळ असताना कोरडा वायपर फिरवला तर ओरखडे कायमचे राहतात, आधी पाणी मारा.

घरी आल्यावर एअर फिल्टर उघडून बघा. झटकल्यावर मूठभर वाळू पडली तर तो बदला, आणि गाडी खालून धुऊन ब्रेकचे पॅडही तपासून घ्या.