आमची वाटचाल : रॅम्प पुढच्याच दाराला

ऑफिस थाटलं तेव्हा भिंतीवर एकच फोटो लावला, रोनाल्ड मेस यांचा. लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरचे आर्किटेक्ट. १९९७ साली युनिव्हर्सल डिझाइनची, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशा रचनेची, सात तत्त्वं ज्या गटाने मांडली, त्यात ते होते. माझाही पोलिओच. मी साइटवर फिरणार कसा, हे क्लायंट मला न विचारता माझ्या भागीदाराला विचारायचे. तो म्हणायचा, "समोरच बसलेत, त्यांनाच विचारा की!"

साइटवर तो स्लॅबवरून ओरडून मापं सांगायचा, मी खाली मांडीवरच्या फळीवर टिपून घ्यायचो. रॅम्प मात्र मी स्वतः तपासणार. लेव्हल ट्यूब, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली नळी, हल्ली कुणी बाहेर काढत नाही, पण काढा. कोब्यावर एकास बारा (बारा फूट लांबीला एक फूट चढ) असलेला उतार फरशीवाल्याच्या हातून गेला की एकास दहा होतो. तो फरक डोळ्यांना दिसत नाही, खांद्यांना कळतो.

आता एका हॉस्पिटलचं. जोतं ६०० मिलिमीटर, म्हणजे रॅम्प ७.२ मीटर लांब. मी तो मुख्य दाराशी, पायऱ्यांना लागूनच काढला. "एलेव्हेशन बिघडतं," हॉस्पिटलवाले म्हणाले, म्हणजे इमारत समोरून चांगली दिसत नाही. दुसऱ्या एका फर्मने रॅम्प मागे कचऱ्याच्या खोलीशेजारी नेला, उतार एकास सहा, लांबी निम्मी, फी आमच्याहून कमी. काम त्यांना मिळालं आणि आमची झालेल्या ड्रॉइंगची फीही बुडाली. माणसं गेली, भाडं थकलं, नकाशे छापायचा प्लॉटर विकला. भागीदार बिनपगारी येत राहिला. पुढे तिथे एकेक व्हीलचेअर चढवायला दोन-दोन वॉर्डबॉय लागू लागले, तेव्हा रॅम्प पुढे आणला. आमच्याच नकाशावरून! पाटीवर नाव अजून त्यांचंच आहे.

त्या काळात आम्हाला तगवलं एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. काम एवढंसं, सासूबाईंचं बाथरूम. मी दार बाहेर उघडणारं दाखवलं तर मिस्त्री वाद घालायला लागला. बाई त्याला म्हणाल्या, "आतलं माणूस दारालाच टेकून पडलं, तर ढकलणार कुठे?" पुढे त्यांनी ओळखीतल्या किती घरांची कामं आणली, त्याला हिशेब नाही. नव्या मुलांना सांगतो : दाराची रुंदी चौकटीची धरू नका. दार ९० अंशांत उघडून मोकळी जागा मोजा, त्यात फळीची जाडी गेलेली असते. आणि ग्रॅब बारची, म्हणजे आधाराला धरायच्या दांडीची, भिंत आधीच भरीव करून ठेवा, पोकळ ब्लॉकमधला स्क्रू माणसाच्या वजनाने उपटून येतो.

नंतरची वर्षं बरी गेली.

हॉस्पिटलचं काम नेलेली ती फर्म आता जाहिरातीत 'सर्वांसाठी डिझाइन' लिहिते. मध्यंतरी एका कामासाठी सल्लागार म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्यांच्या ऑफिसला दारातच तीन पायऱ्या. मी पार्किंगमध्येच थांबलो आणि फोन केला. साहेब लोक नकाशे घेऊन खाली उतरले, गाडीच्या बॉनेटवर मीटिंग झाली. काम घेतलं. फी आगाऊ.