घड्याळ न थांबवता

रविवार, एप्रिल. रात्रीचे साडेनऊ.

आज पळण्याचे २२ किलोमीटर झाले. गोव्यातल्या केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूने, काजूच्या बागांमधल्या पायवाटा, मग घाटाकडची चढण आणि तसंच परत. त्यातले पाच-सहा तरी चालले असेन आणि हे लिहिताना पहिल्यांदाच आत काही टोचत नाहीये, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवतेय.

शाळेत पीटीचे सर म्हणायचे, जो चालला तो बाद. ते इतकं घट्ट बसलं डोक्यात की दोन वर्षं ट्रेलवर पळूनसुद्धा समोरून कुणी येताना दिसलं की मी छाती फुटेस्तोवर पळायचे, आणि वळण घेऊन तो माणूस दिसेनासा झाला की मग चालायचे. चालताना घड्याळ थांबवून ठेवायचे, सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बिघडू नये म्हणून. हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावला आणि १९७४ पासून नवशिक्यांना थोडं पळा, थोडं चाला असं शिकवायला लागला. त्याचं म्हणणं, दमायच्या आधीच चालायचं. हे 'आधीच' मला कळायला फार वेळ लागला. मी पाय संपल्यावर चालायचे, मग ते हरल्यासारखंच वाटणार ना! आता पहिल्या किलोमीटरपासून सहा मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. आणि उभ्या चढावर तर सरळ गुडघ्यांवर हात टेकून झपाझप चालायचं, कारण तिथे माझं पळणं काही त्याहून फार वेगात होत नाही, हार्ट रेट मात्र भलताच वर जातो. त्यात आपल्याकडची एप्रिलची हवा, घाम नुसता निथळतो, सुकतच नाही, मग अंग थंड होणार कसं? चालण्याच्या त्या मिनिटात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दोन घोट.

चढणीच्या मध्यावर एक आजी काजूची बोंडं गोळा करत होत्या. काठीच्या टोकाला खिळा, वाकायचं नाही, खाली पडलेलं बोंड टोचायचं, बी पिळून वेगळी करायची, बोंड डब्यात. सगळीकडे तो आंबूस-गोड वास. त्या दिसल्या आणि सवयीने माझे पाय पळायलाच लागले.

"कोण फाटल्यान लागला गो, बाय?"

अगदी काळजीने विचारलं त्यांनी, खरंच मागे वळून बघितलंसुद्धा. मी म्हटलं, कोण नाही आजी. आणि थांबले, म्हणजे चालायला लागले, त्यांच्यासमोरच. त्या डबा डोक्यावर घेऊन वरच्या झाडांकडे निघाल्या होत्या, मीही बरोबर निघाले, आणि सत्तरीच्या पुढची ती बाई त्या चढावर एका लयीत चालत होती, श्वास कुठे अडकत नाही की पाऊल कुठे घसरत नाही. मला त्यांच्याबरोबर राहायला जोर लावावा लागला.

वर पोचल्यावर त्यांनी एक पिवळं बोंड हातावर ठेवलं. खाल्लं तिथेच उभ्या उभ्या, रस कोपरापर्यंत ओघळला, घसा खवखवला. टी-शर्टवर पडलेला डाग आता साबणाने घासून बघितला, निघत नाही.

उतारावर मस्त पळाले. पाय शिल्लक होते. आज घड्याळ एकदाही थांबवलं नाही.