कातडीच रेडिएटर: १:३२ मापात सुपरमरीन एस.६बी

एस.६बी हे ब्रिटनचं १९३१ चं शर्यतीचं जलविमान. त्याचा फोटो पाहिला की वाटतं, मॉडेल करणं सोपं काम आहे. एक लांबट धड, एक पंख, खाली दोन फ्लोट. चाकं नाहीत, बंदुका नाहीत, कॉकपिटात डोकावून बघण्यासारखंही फार काही नाही. लाकूड घासत बसलं की झालं. पण ओटा साफ ठेवणाऱ्या बाईच्या घरात एक डाग पडला तरी लगेच दिसतो, तशी या विमानाची गत आहे. अंगावर काहीच नाही, त्यामुळे चूक झाकायला आडोसाच मिळत नाही.

अंगावर काही नाही यालाही कारण आहे. आत रोल्स-रॉइसचं आर इंजिन होतं, ३६.७ लिटर, १९३१ साली २,३५० हॉर्सपॉवरचं. एवढ्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला नेहमीचा रेडिएटर लावला असता तर त्याच्या अडथळ्यानेच वेग खाल्ला असता. म्हणून विमानाचा रचनाकार रेजिनाल्ड मिचेलने पंखांची वरची-खालची कातडीच रेडिएटर केली. ड्युरॅल्युमिनचे (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे) दोन पत्रे आणि मधल्या फटीतून वाहणारं पाणी. फ्लोटच्या वरच्या अंगावरही तीच योजना. तेल धडाच्या कडेच्या कूलरमधून शेपटीकडे जाऊन तिथल्या उभ्या पात्यातल्या (फिनमधल्या) टाकीत थंड व्हायचं, आणि पेट्रोल फ्लोटमध्ये. १३ सप्टेंबर १९३१ रोजी कॅल्शॉटला जॉन बूथमनने ताशी ५४७ किमीने श्नायडर चषकाच्या, म्हणजे जलविमानांच्या शर्यतीचा मार्ग पुरा केला. समोर प्रतिस्पर्धी कुणी नव्हतं, पण सलग तिसऱ्या विजयाने चषक कायमचा ब्रिटनकडे राहिला. २९ तारखेला जॉर्ज स्टेनफोर्थने याच प्रकारच्या विमानात ताशी ६५५ किमी ओलांडले.

थोडक्यात, मॉडेलचा सगळा जीव दोन गोष्टींत आहे: पृष्ठभाग आणि फ्लोटची सरळ रेष. बाकीचं जमून जातं.

आधी माप. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ३० फूट, म्हणजे ९.१४ मीटर. १:३२ ला तो २८५.७ मिमी येतो. १:४८ ला १९०.५. सुरुवात करणाऱ्याने १:३२ च घ्यावं. १:४८ मध्ये ताणतारा (पंख, फ्लोट आणि धड यांना बांधून ठेवणाऱ्या तारा) इतक्या बारीक होतात की दोन महिने फक्त त्यातच जातात. ड्रॉइंग झेरॉक्सवाल्याकडून ए३ वर काढा आणि ‘फिट टू पेज’ बंद करायला बजावून सांगा. मग स्टीलच्या पट्टीने पंखविस्तार मोजा आणि धडाची लांबीही ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून पहा. झेरॉक्स मशीन आडवं आणि उभं वेगवेगळं ताणतं. एक टक्का फरक पडला तरी पंख तीन मिमीने चुकतो. एस.५ आणि एस.६ ही याआधीची विमानं, आणि एस.५ चं ड्रॉइंग एस.६ म्हणून पुष्कळ फिरतं. ओळखायची खूण नाकावर आहे: एस.५ च्या नेपियर लायन इंजिनाला सिलिंडरच्या तीन रांगा, म्हणून नाकावर तीन उंचवटे, एस.६ आणि एस.६बी ला दोन.

धडासाठी लाकूड आपल्याकडे हाताशी आहे. शिवण सगळ्यांत चांगलं, वाळलं की फारसं हलत नाही आणि चाकूला ऐकतं. मिरजेत तंतुवाद्यांच्या कामातले तूनचे कपटेही चालतात, पण तूनचे रंध्र मोठे, सीलरचे दोन हात जास्त लागतात. बाल्सा नको. नखाचा ओरखडासुद्धा पुढे रंगातून वर येतो. ठोकळा अखंड घेऊ नका. दोन अर्ध्या फळ्या घ्या आणि मध्ये ०.८ मिमी प्लाय घालून फेव्हिकॉलने चिकटवा. तासताना मधली प्लायची रेघ कायम दिसत राहते, म्हणजे विमानाची मध्यरेषा शेवटपर्यंत हरवत नाही. आधी बाजूचा आकार कापायचा, मग वरचा, त्यानंतर दर २० मिमीवर पुठ्ठ्याचे टेम्प्लेट लावत गोलाई. नाकावरचे सिलिंडरचे उंचवटे शेवटी, वेगळ्या तुकड्यांतून. एकाच ठोकळ्यातून कोरायला गेलं की मधली खाच जास्त खोल होते, हा जवळजवळ नियमच.

पंख लाकडाचा नको, फार पातळ आहे, पावसाळ्यात पिळतो. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचे १ मिमी शीट घ्या. साइनबोर्डवाल्याकडचा सनबोर्ड म्हणजे फोम पीव्हीसी, तो इथे उपयोगाचा नाही, कड भुसभुशीत राहते. पंख एकसंध, धडात खाच करून आरपार घालायचा, म्हणजे डावा-उजवा कोन जुळवायची वेळच येत नाही. शीटच्या थरांत मधला थर काळा ठेवा, बाकीचे पांढरे. पुढची धार घासताना काळी रेघ मध्यावर आहे की सरकली, लगेच कळतं. पंखाची सरासरी रुंदी ४६ मिमीच्या आसपास येते. थर इतके रचा की एकूण जाडी ड्रॉइंगपेक्षा अर्धा मिमी जास्त भरेल, तेवढी घासण्यात जाते.

इथली मोठी चूक गोंदाची. थर चिकटवताना सॉल्व्हंट सढळ हाताने ओतलं की ते आत अडकतं आणि आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेर येतं. महिन्याने पाहावं तर पातळ मागची धार लाटेसारखी. पातळ हात मारा, दोन काचांमध्ये दाबून पंधरा दिवस ठेवा, आणि धडाच्या आत लपणाऱ्या भागात १ मिमीची दहा-बारा भोकं पाडून वाफ जायला वाट द्या.

आता फ्लोट. मॉडेल बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फ्लोट वाकडे असले की ‘काहीतरी चुकलंय’ हे त्याला कळतं. २०० मिमी लांबीत एक अंश चुकला तर टोक साडेतीन मिमीने हलतं. एस.६बीच्या दोन फ्लोटना जोडणारी आडवी दांडी नाही. धडातून खाली येणारे स्ट्रट (टेकू) आणि ताणतारा, एवढंच. म्हणजे मॉडेलमध्येही आधार देणारं काही नाही, सगळं जिगवर, म्हणजे भाग जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर.

१२ मिमी प्लायचा ३५० × ३५० मिमीचा पाट घ्या. मध्यरेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना फ्लोटच्या रेषा. फ्लोटच्या तळाच्या आकाराच्या खोबणी प्रत्येकी दोन, एक स्टेपच्या (तळाच्या पायरीच्या) पुढे, एक मागे. फ्लोट खोबणीत बसवून चिकटपट्टीने बांधा आणि कर्ण मोजा: डाव्याचं नाक ते उजव्याची शेपटी, उजव्याचं नाक ते डाव्याची शेपटी. दोन्ही अर्ध्या मिमीच्या आत आले तरच पुढे जा. धडासाठी वेगळे दोन उभे आधार, गुण्याने नव्वद अंशात.

स्ट्रट ३ × १ मिमी पितळी पट्टीचे, कानशीने थेंबाच्या आकारात घासलेले. दोन्ही टोकांना ०.८ मिमीच्या पिना, धडात ६ मिमी आणि फ्लोटमध्ये ४ मिमी जातील अशा. तिरकं भोक पाडताना ड्रिल घसरतं, म्हणून आधी त्या जागी चाकूने छोटीशी सपाट पायरी कोरा. जोडायला फेव्हिक्विक वापरायचा मोह आवरा. तो पाच सेकंदांत धरतो आणि सरळ करायला वेळ देत नाही. साधं, सावकाश वाळणारं अराल्डाइट लावा, सगळे स्ट्रट एकदम बसवा, कर्ण पुन्हा मोजा आणि रात्रभर हात लावू नका. जिगमधून काढायची घाई करणाऱ्याला पुढचा महिना दुरुस्तीचा.

ताणतारांना सांगली-मिरज भागाइतकी सोय दुसरीकडे क्वचित. सतारीच्या तरफेच्या पोलादी तारा मिरजेत सहज मिळतात. व्हर्नियरने मोजून ०.२० ते ०.२५ मिमीची घ्या. पोलाद ताठ असतं, म्हणून तार ताणायची नाही, सळईसारखी बसवायची. अंतर मोजा, अर्धा मिमी जास्त कापा, एक टोक भोकात घाला, हलकी कमान करून दुसरं टोक सोडा. वेटोळ्यातून काढताना मुरड पडली की ती तार टाकून द्या, सरळ होत नाही. आणि चांगल्या कटरने पोलाद कापू नका, धारेत खाचा पडतात. त्यासाठी एक जुनी पक्कड वेगळी ठेवावी.

गोल तार १:४८ ला खपते. १:३२ ला मात्र खऱ्या तारा चपट्या होत्या हे दिसायला हवं. मोटर वाइंडिंगवाल्याकडून ३० गेजची तांब्याची तार आणा, पॉलिश पेपरने इनॅमल काढा, व्हाइसमध्ये एक टोक धरून किंचित लांबेपर्यंत ओढा. ओढल्याने ती सरळही होते आणि कडकही. मग सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सोनाराच्या रोलरमधून ०.१५ मिमी जाडीपर्यंत काढून घ्या. साधारण ०.४ मिमी रुंद फीत मिळते. फितीची सपाट बाजू वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे पुढून पाहिल्यावर फक्त कड दिसली पाहिजे. निम्म्या मॉडेलांत हे उलटं असतं.

पंख्याचं (प्रोपेलरचं) पातं १.५ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीतून पिळून काढावं. मूळ पंखाही पीळ दिलेल्या एकाच धातूच्या पट्टीसारखा दिसतो. दिशा मात्र तपासा: कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. याच फिरकीने डावा फ्लोट पाण्यात दाबला जायचा, म्हणून उजव्यात पेट्रोल जास्त भरत. स्पिनर, म्हणजे पंख्याच्या मधली टोपी, कुपवाड एमआयडीसीत लेथवर दहा मिनिटांत वळून मिळतो.

रंगात लाकूड आणि प्लॅस्टिक यांचे नियम वेगळे. लाकडाला सँडिंग सीलरचे तीन हात, प्रत्येकानंतर ४०० चा वॉटर पेपर, मग लांबी (पुट्टी). कॉकपिटच्या आतून आणि पंखाच्या खाचेतही सीलर जाऊ द्या, नाहीतर ओल तिथून शिरते. ही लांबी आणि एनसी थिनर पॉलिस्टायरीनच्या पंखाला लागता कामा नये, वितळून जाळी पडते. पंखाला ॲक्रिलिक प्रायमरचे धुक्यासारखे हलके हात. धड आणि पंख यांच्या सांध्यात अराल्डाइटमध्ये टाल्क कालवून भरा. तिथे कडक लांबी भरली की पहिल्या पावसाळ्यात केसासारखी चीर दिसते, कारण लाकूड फुगतं आणि प्लॅस्टिक फुगत नाही.

चंदेरी रंगाखाली चकचकीत काळा हात हवा, आणि त्याआधी १५०० पर्यंत घासणं. चंदेरी रंग खड्डा झाकत नाही, बोट दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्ये, कृष्णेला पाणी चढलेलं असताना, लॅकर मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि निळ्यावर पांढरट झाक येते. अगदीच अडलं तर सावकाश उडणारं रिटार्डर थिनर, नाहीतर दिवाळीनंतर. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळायचं पारदर्शक लॅकर) मारायचं असेल तर ते गाड्या रंगवणाऱ्याच्या बूथमध्येच; त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, कापडी मास्कने अडत नाही.

हेच जिग मापं बदलून मॅकी एम.सी.७२ या इटालियन जलविमानाला चालतं. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रान्चेस्को आजेल्लोने गार्दा सरोवरावर ताशी ७०९ किमी गाठले, पिस्टन इंजिनाच्या जलविमानांचा तो विक्रम अजून उभा आहे. १:३२ ला पंख २९६ मिमी. तिथे दोन पंखे उलटसुलट फिरतात, म्हणून पात्यांची पीळही एकमेकांच्या उलट. पंखावरच्या रेडिएटरच्या नळ्यांच्या रेघा पुढून मागे जातात, त्या प्रायमरच्या आधी कोरा. आणि त्या काळच्या काही कृष्णधवल फिल्मना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे मॅकीचा लाल फोटोत काळा आणि एस.६बीचा निळा फिका येतो. फोटोवरून रंग ठरवू नका. लंडनच्या सायन्स म्युझियममधलं एस.६बी (क्रमांक एस१५९५) आणि इटलीत विन्या दी वाल्लेच्या संग्रहालयातलं एम.सी.७२ यांचे आजचे रंगीत फोटो समोर ठेवा.

मॉडेल ठेवायला लाकडी बीचिंग ट्रॉली (जलविमान किनाऱ्यावर ओढून आणायची गाडी) करा, खोबणीत नमद्याचा तुकडा घालून, म्हणजे वजन फ्लोटच्या तळावर येतं आणि स्ट्रटवर ताण पडत नाही. काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा तव्यावर मंद आचेवर वाळवून परत ठेवायच्या. पोलादी तारा गंजतात त्या याच पावसाळ्यात.